मान आवळावी, पण किती?

ओहायोतल्या आमच्या रायफल क्लबात आम्ही चौघं मराठी. दोघे पुण्याचे, एक नाशिकचा, एक चिपळूणची. शनिवारी सकाळी सहाशे यार्डांच्या लायनीवर भेटतो, नेम कसाही लागो, नंतर माझ्या गॅरेजात चहा होतो आणि चहाबरोबर तो प्रश्न येतोच. "काका, केस एकदा माझ्याच रायफलीत उडाली, तिच्या पोटाला माझ्याच चेंबरचं माप बसलं. आता नुसती मान आवळली की झालं ना? सगळी केस कशाला दाबायची?"

या प्रश्नाला मी आजवर दोन उत्तरं दिली आहेत. पहिली दहाएक वर्षं 'हो' म्हणायचो, हल्ली 'नाही' म्हणतो. मध्ये काय झालं आणि मान आवळायचं काम नीट कसं करायचं, हे एकदा लिहूनच काढतो, म्हणजे चहा निवांत पिता येईल.

पण आधी कायदा. घरी काडतुसं भरणं हा अमेरिकेत जुना आणि उघड छंद आहे. स्वतःपुरती भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायची म्हटलं की लागतो. राज्याचे नियम, दारू नि प्राइमर घरात किती आणि कसे ठेवायचे याचे अग्निशमन खात्याचे नियम, हे तुमच्या गावचे तुम्ही पाहून घ्या. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा सात वर्षांपासून सुरू होते. तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे वाचावं, करून पाहू नये. तिकडच्या बऱ्याच नेमबाजांना याची गरजही पडत नाही. स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्या प्रकारात पॉइंट टू-टूची काडतुसं लागतात. त्यांचा प्राइमरचा मसाला बुडाच्या कडेत असतो. पिनेचा ठोका बसून कड चेपली की ती केस भरण्यासारखी उरत नाही. आपण बोलतोय ते सेंटरफायरबद्दल, जिथं प्राइमरची टोपी बुडाच्या मधोमध वेगळी बसवलेली असते आणि बदलता येते.

मापं सगळी .३०८ विंचेस्टरची देतो. १९५२ साली आलेलं हे काडतूस मी वापरतो, बाजारात त्याच्या केस मुबलक मिळतात आणि आकडे मला पाठ आहेत. एक इंचाच्या हजाराव्या भागाला मी 'थाऊ' म्हणणार. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते, घरात भिंतीला खिळा ठोकायचा तरी ते थाऊत बोलायचे. ती सवय मला लागली आहे.

केस म्हणजे पितळेची नळी. तिला बूड असतं, पोट असतं, खांदा असतो, मान असते. गोळी मानेत बसते. काडतूस उडतं तेव्हा .३०८ मध्ये आतला दाब चौरस इंचाला बासष्ट हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो. त्या दाबानं पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटतं, वायू मागं येऊ देत नाही, आणि दाब ओसरला की थोडं आकसतं. थोडंच. मूळ मापावर ते परत येत नाही. मान तर गोळीला सोडून देते आणि तशीच रुंद राहते.

आकड्यांत बघू. माझ्या रायफलीतून बाहेर पडलेल्या केसची मान बाहेरून ०.३४३ इंच भरते. मानेच्या भिंतीची जाडी साडेचौदा थाऊ. दोन्ही बाजूंच्या भिंती वजा केल्या की आतलं भोक ०.३१४ राहतं, आणि गोळी आहे ०.३०८. सहा थाऊ ढिली. गोळी सोडली तर ती टपकन आत दारूच्या जागेत जाते. ती टपकन जायलाच हवी, हेही लक्षात ठेवा: उडालेल्या, न आवळलेल्या केसच्या मानेत नवी गोळी सहज शिरत नसेल, तर मानेला चेंबरमध्ये फुगायला जागा नाही, किंवा केसच्या तोंडाला काही झालंय. तिथं थांबा आणि कारण शोधा. मान सुटायला जागा नसली की दाब चढतो.

आता मान एवढी आवळायची की गोळी दाबून बसवावी लागेल, प्रवासात हलणार नाही, आणि सुटताना पन्नासच्या पन्नास केस तिला सारख्याच जोरानं धरून असतील. यातला शेवटचा भाग सगळ्यांत अवघड आहे. घट्ट मान कुणीही करेल.

माझी सुरुवात ली कंपनीच्या त्या छोट्या पेटीनं झाली. ली लोडर. १९५८ पासूनचं हे साधन. प्रेस नाही, टेबल नाही, केस डायमध्ये, म्हणजे तिला माप देणाऱ्या पोलादी साच्यात, ठेवून हातोडीनं ठोकून आत घालायची. ते फक्त मान आवळतं, पोटाला हात लावत नाही. तेव्हा आम्ही अपार्टमेंटमध्ये राहायचो आणि खालच्या मजल्यावरच्या आजींना वाटायचं मी रोज रात्री फर्निचर बनवतो. पण केस निघायच्या सुरेख. पोट चेंबरच्या मापाचं, पितळ कमीत कमी दाबलेलं, वंगणाचा चिकटा नाही. त्या वेळी जुने लोक सांगायचे की अचूकतेचा राजमार्ग हाच. मी मान डोलवायचो.

मग एका उन्हाळ्यात कॅम्प पेरीला गेलो. ईरी सरोवराच्या काठी, १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा जिथं होतात तिथं. रॅपिड फायर. मोजक्या सेकंदांत दहा गोळ्या झाडायच्या. चौथ्या गोळीला बोल्टचा दांडा खाली जाईना. तळहातानं मारला, गेला. पाचव्याला पुन्हा तेच. सातव्याला वेळ संपला. त्या केस पाचव्यांदा भरलेल्या होत्या आणि पाचही वेळा मी नुसती मान आवळली होती.

कारण साधं आहे. पहिल्या एक-दोन वेळा केस चेंबरच्या मापापर्यंत पूर्ण फुगतच नाही, थोडी मागे राहते, म्हणून सगळं गुळगुळीत चालतं. प्रत्येक वेळी ती थोडी थोडी वाढते. शिवाय पितळ वारंवार ताणलं गेलं की कडक होतं आणि त्याचं आकसणं बदलत जातं. चौथ्या-पाचव्या वेळेला खांदा आणि बुडाजवळचं पोट चेंबरला अंगासरशी बसतं, मग बोल्ट बंद करताना केस दाबून आत घालावी लागते. आणि तशी दाबून घातलेली केस चेंबरमध्ये सरळ बसेलच असं नाही. ती बुडाच्या ज्या बाजूला जाड असेल तिकडून रेटली जाते. म्हणजे ज्या अचूकतेसाठी आपण पोट सोडून दिलं तीच जाते. बेंचरेस्टवाले, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून एका भोकात पाच गोळ्या घालायच्या खटपटीत असणारे लोक, पूर्वी नुसत्या मानेच्या बाजूचे होते. आज त्यातले बहुतेक सगळे पूर्ण केस दाबतात, पण अगदी बेतानं.

म्हणून माझं आजचं उत्तर: पूर्ण डाय, म्हणजे सगळी केस दाबणारी, वापरा, खांदा दोन थाऊ मागं सारा, पोटाला नुसता स्पर्श होऊ द्या, आणि मानेचं माप वेगळं हातात ठेवा. नुसती मान आवळायचीच असेल तर बोल्ट ॲक्शन रायफल हवी, केस त्याच रायफलीच्या हव्यात, आणि दर तीन-चार फेऱ्यांनी खांदा मागं घ्यायची तयारी हवी. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत नुसती मान आवळलेली केस घालू नका. तिथं बोल्ट हातानं नव्हे, स्प्रिंगनं बंद होतो. केस अडली तर तो अर्धवट बंद राहील. अशा रायफलीच्या केसचा खांदा तीन ते पाच थाऊ मागं हवा. दुसऱ्याच्या रायफलीतून उचललेल्या केसनाही पूर्ण डायच.

मान आवळायची तीन प्रकारची साधनं मिळतात.

पहिलं म्हणजे कुठल्याही सेटमध्ये येणारी साधी डाय. ती मानेला गरजेपेक्षा बरीच जास्त आवळते, कारण कारखान्याला पातळ-जाड सगळ्या केस गृहीत धराव्या लागतात. मग केस खाली ओढताना डायच्या आतल्या दांडीवरचा लट्टू मानेतून बाहेर येतो आणि तिला हव्या त्या मापाला रुंद करतो. म्हणजे पितळ आधी खूप आत, मग पुन्हा बाहेर. लट्टू कोरडा असला तर तो मान वर ओढतो, केसची लांबी वाढवतो, आणि कधी कधी मान वाकडीही करतो. त्यावर इलाज स्वस्त आहे: नायलॉनच्या ब्रशनं मानेच्या आत अभ्रकाची किंवा ग्रॅफाइटची कोरडी पूड फिरवा. ओढताना किंचाळल्यासारखा आवाज येत होता तो बंद होईल. शंभर यार्डांवर हरणाची शिकार करणाऱ्यांना ही साधी डाय आयुष्यभर पुरते, उगाच महागाच्या मागे लागू नका. (आमच्या ओहायोत हरणाच्या शिकारीला रायफलची सरळ नळीची काडतुसंच चालतात, २०१४ पासून, त्यांना मान नाही, खांदा नाही, आणि हा लेखही नाही.)

दुसरं, बुशिंग डाय. रेडिंगची प्रसिद्ध आहे, इतरांच्याही येतात. हिच्यात मानेपुरती पोलादी बांगडी बदलता येते, एकेका थाऊच्या फरकानं. आपल्याला हवं तेवढंच आवळता येतं, हा तिचा गुण. दोष दोन. बांगडी मानेच्या पार मुळापर्यंत जात नाही, खांद्याजवळ थोडी पट्टी न आवळलेली राहते. आणि ती बाहेरून दाबते, त्यामुळे मानेची भिंत एकीकडे जाड असेल तर तो फुगवटा आत ढकलला जातो, जिथं गोळी बसायची असते तिथंच.

तिसरं, लीची कॉलेट डाय. ही मला कल्पक वाटते आणि तिच्या किमतीकडे पाहून लोक तिला कमी लेखतात हे खटकतं. मानेच्या आत एक दांडी जाते, बाहेरून चिमट्यासारख्या चार पाकळ्या मानेला त्या दांडीवर दाबतात. दांडीचं माप तेच आतलं माप. जाडीतला फरक बाहेर राहतो. वंगण लागत नाही, पितळ घासलं जात नाही, मान लांबत नाही. मात्र ही नुसत्या मानेचीच डाय आहे, आणि हाताला तिचा दाब शिकावा लागतो. प्रेसचा दांडा शेवटी थोडा जोर देऊन दाबून धरायचा, केस अर्धा वळसा फिरवून पुन्हा एकदा. मी खांद्या-पोटाला वेगळी डाय लावतो आणि मानेला ही. दोन वेळा हाताळणी होते, बायको म्हणते एकाच पोळीला दोन तवे. असो.

बुशिंग घेणार असाल तर तिचं माप डोळे झाकून कुणाचं उचलू नका. तुमच्याच केस आणि तुमचीच गोळी घेऊन चार-पाच नमुने भरा, प्राइमर आणि दारू न घालता, आणि मानेचं बाहेरचं माप मायक्रोमीटरनं घ्या. माझं ०.३३७ येतं. पकड, म्हणजे मान गोळीपेक्षा जेवढी लहान ती, दोन थाऊची हवी असेल तर ०.३३५ ची बांगडी. पितळ आवळल्यावर साधारण एक थाऊ परत फुगतं, कडक झालेलं जास्त, म्हणून ०.३३४ ची एक जवळ ठेवा. नंतर आतून मँड्रेल घालणार असाल, म्हणजे योग्य मापाची गुळगुळीत दांडी ढकलून फुगवटा बाहेर काढणार असाल, तर बांगडी आणखी एक-दोन थाऊ लहान घ्या, नाहीतर दांडीला काही काम उरत नाही. केसचा कारखाना बदललात की हे सगळं पुन्हा मोजा. फिनलंडच्या लापुआची मान आणि सैन्यात वापरून झालेल्या केसची मान एका जाडीच्या नसतात.

आणि ०.३४३ वरून ०.३३५ म्हणजे आठ थाऊ. एवढं एका दमात आवळलं तर मान तिरकी होऊ शकते. बुशिंग डाय वापरतो तेव्हा मी आधी ०.३३९ ची बांगडी लावतो, मग ०.३३५ ची. वेळ जातो, पण थंडीत आमच्याकडे वेळच वेळ असतो.

पकड एक थाऊची बरी की तीनची, यावर लोक तासन्‌तास बोलतात. मॅगझिनमधून भरायची, खांद्यावर टाकून रानात न्यायची काडतुसं असतील तर दोन ते तीन. एकेक हातानं घालून कागदावर मारायची असतील तर एक-दीडही चालते. माझा अनुभव असा की दोनवर पक्के राहून सगळ्या केस सारख्या केल्या तर लक्ष्यावर जे सुधारतं, ते एक की तीन या वादानं सुधारत नाही.

आता कामाचा क्रम. आधी प्रत्येक केस उजेडात धरून बघा. मानेला चीर गेली असेल तर फेका. बुडाच्या थोडं वर चकचकीत कडं दिसत असेल तर तीही फेका. पेपरक्लिपचं टोक नखभर वाकवून केसच्या आतून बुडाकडून वर ओढा. खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर आतून भिंत पातळ झाली आहे, आणि ती केस पुढच्या वेळी दोन तुकड्यांत बाहेर येईल. फेकायच्या केस पक्कडीनं चेपून टाका, म्हणजे परत डब्यात जात नाहीत. मी हे न केल्यामुळे एक केस तीनदा फेकली आहे.

मग वापरलेला प्राइमर काढा आणि केस धुवा. मातीचा एक कण डायला ओरखडा पाडतो आणि तो ओरखडा पुढे प्रत्येक केसवर उमटतो.

प्राइमर काढल्यावर खांद्याचं माप घ्या, त्याआधी नको. बाहेर आलेला प्राइमर माप खोटं दाखवतो. व्हर्नियरला लावायचा खांद्याचा कॉम्परेटर मिळतो, तो या छंदात मी विकत घेतलेल्या वस्तूंपैकी सगळ्यांत उपयोगी. दोन-तीन वेळा उडालेल्या केस मोजा, त्यातलं मोठं माप धरा. त्यातून दोन थाऊ वजा, तिथं खांदा आणायचा. डायसोबत येणाऱ्या कागदावर लिहिलेलं असतं की डाय शेलहोल्डरला, म्हणजे केसचं बूड धरणाऱ्या तुकड्याला, टेकेपर्यंत फिरवा आणि वर पाव आटा. ते कुठल्याही रायफलीत केस मावावी म्हणून लिहिलेलं आहे. तसं केलंत तर खांदा सहा-आठ थाऊ मागं जाऊ शकतो; मग केस दर वेळी तेवढी ताणली जाते, आणि ते चकचकीत कडं तिथूनच येतं. डाय उंच ठेवून सुरुवात करा, एक केस दाबा, मोजा, किंचित खाली घ्या, पुन्हा मोजा. माप जवळ आलं की केस रायफलीत घालून बोल्ट बंद करून बघा. बोटाच्या जोरानं खाली आला पाहिजे.

वंगण. लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणारी चरबी, अल्कोहोलमध्ये विरघळवून केसवर फवारतात. फवारल्यावर अल्कोहोल पूर्ण उडू द्या. मी एकदा नाही दिलं. सोळावी केस डायमध्ये गेली आणि तिथंच राहिली. दांडा ओढला तर बुडाची कड तुटून आली. शेवटी बुडाला भोक पाडून, आटे पाडून, बोल्ट घालून ती उपसून काढली, एक रविवार गेला. वडील असते तर म्हणाले असते, तेल कमी पडलं की लोखंड बोलतं. दुसऱ्या टोकाला जाऊ नका हेही सांगतो: खांद्यावर वंगण साचलं तर तिथं पोचे पडतात, कारण तेल दबत नाही, पितळ दबतं. बोटानं पोटावर पातळ लावा, खांद्याला जवळजवळ नाही. आणि काम झाल्यावर सगळं पुसून काढा. तेलकट केस चेंबरला चिकटत नाही आणि बोल्टवर जास्त रेटा देते.

आवळून झाल्यावर लांबी मोजा. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच, त्याच्या वर गेली की २.००५ पर्यंत कापा. हे टाळू नका. लांब मान चेंबरच्या टोकाला जाऊन भिडते, गोळीला चिमटते, आणि दाब धोक्याच्या पलीकडे जाऊ शकतो. कापल्यावर तोंडाची आतली-बाहेरची बर हलक्या हातानं काढा. हलक्या हातानं म्हणजे चाकूसारखी धार होईपर्यंत नाही.

एक विचित्र दुखणं आहे ज्याला इथले लोक डोनट म्हणतात. मानेच्या मुळाशी, खांद्याला लागून, आतल्या बाजूला पितळेचं जाड कडं तयार होतं. खांद्याकडचं जाड पितळ हळूहळू मानेत सरकतं. गोळीचं बूड तिथपर्यंत जात नसेल तर काळजी नाही. जात असेल तर आतून रीमर फिरवून ते काढा किंवा केस बदला. मी केस बदलतो.

या सगळ्यात मला सर्वांत आवडतो तो भाग म्हणजे पितळ मऊ करणं. आमच्या केसचं पितळ सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत लहानपणी गेलो होतो, तो मठारकामाचा आवाज आजही आठवतो. तांब्या-पितळेवर ठोके पडत गेले की ते कडक होतं, कडक झालं की फुटतं. म्हणून घडवताना मध्येच भट्टीत घालून पत्रा तापवायचा, की तो पुन्हा ऐकू लागतो. आपण डायमध्ये दर वेळी मान आवळतो आणि रायफलीत ती फुगते, हे ठोकेच आहेत. पाच-सहा फेऱ्यांनंतर मान एकसारखी आकसत नाही, बांगडी तीच असून पकड बदलते, आणि शेवटी चिरा पडतात.

म्हणून मान तापवायची. फक्त मान आणि खांदा. गॅसच्या बारीक ज्योतीत केस सतत फिरवत काही सेकंद. अंधाऱ्या खोलीत पितळेला रंगाची पहिली चाहूल लागली की बाहेर. लालभडक होऊ दिलं तर मान शिशासारखी मऊ होते आणि गोळी धरतच नाही. तापमान दाखवणारा रंग मिळतो, तो मानेच्या आत आणि पोटावर लावून चार टाकाऊ केसवर सराव करा. बूड कधीही, कुठल्याही कारणानं तापू देऊ नका. बासष्ट हजार पौंडांचा दाब मागच्या बाजूला त्या कडक बुडानं रोखलेला असतो आणि तुमचा चेहरा त्याच्या मागे वीतभर असतो. तापवल्यावर केस पाण्यात टाकतात ती उष्णता बुडाकडे जाऊ नये म्हणून. पाण्यानं पितळ पोलादासारखं कडक होत नाही. टाका किंवा हवेत राहू द्या. आणि प्राइमर असलेली किंवा भरलेली केस ज्योतीजवळही नको.

घरात लहान मुलं असतील तर दोन गोष्टी. वापरलेल्या प्राइमरच्या काजळीत शिसं असतं. ते बोटांवर, टेबलावर, केस घोळवायच्या यंत्राच्या धुळीत उतरतं. गॅरेजातच काम करा, स्वयंपाकघरात केस धुऊ नका, कामाच्या जागी काही खाऊ-पिऊ नका, आणि उठल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय मुलाला उचलू नका. म्हणूनच आमचा चहा गॅरेजच्या दुसऱ्या कोपऱ्यात असतो, केस झाकल्यावर. दुसरं, केस तयार झाल्या तरी प्राइमर आणि दारू कुलपात.

नव्यानं सुरू करणाऱ्यांना एवढंच सांगेन, पन्नास केस एका बैठकीत आवळायची घाई करू नका. आधी पाच करा. पाचही रायफलीत घालून बोल्ट बंद होतो का बघा, मानेचं आणि खांद्याचं माप वहीत लिहा, मग उरलेल्या घ्या. दारू किती भरायची याबद्दल या लेखात मी मुद्दाम एक अक्षर लिहिलेलं नाही. ते छापील मॅन्युअलमधून घ्यायचं, माझ्याकडून नाही, आणि क्लबातल्या कुणाच्याही तोंडून नाही.